‘ओळखीचं कोणी आहे का?’ : रुग्णाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाचा इतिहास

घरात कोणाला अचानक मोठे आजारपण आले की आपल्याकडे पहिला फोन रुग्णवाहिकेला जात नाही. तो जातो भावाला, मेहुण्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि त्यात पहिला प्रश्न असतो, "त्या हॉस्पिटलमध्ये आपल्या ओळखीचं कोणी आहे का?" डोंबिवलीत राहणारा माणूस हा प्रश्न विचारतो, टिटवाळ्याचा विचारतो, घोडबंदर रोडच्या टॉवरमधला माणूसही विचारतो. आम्ही डॉक्टरही आमच्या नातेवाइकांसाठी हेच करतो, फक्त आमच्याकडे फोन नंबर जास्त असतात एवढेच.

हा प्रश्न नीट पाहिला तर लक्षात येते की त्यात उपचार मागितलेलेच नाहीत. उपचार करणारे तिथे आहेत हे सगळ्यांना माहीत असते. मागितलेला असतो एक माणूस. डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या भाषेत सांगणारा, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते दाखवणारा, बिलातली एखादी ओळ बघून "हे काय आहे?" असे न घाबरता विचारणारा, आणि "ऑपरेशन आजच करायला हवे का, की दोन दिवस थांबून दुसरे मत घेता येईल?" हे रुग्णाच्या वतीने बोलणारा. परदेशात हे काम पगार घेऊन करणारी माणसे आहेत. आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांची नावे वेगवेगळी आहेत आणि ती नेमकी कुठे बसतात हे बहुतेकांना ठाऊक नसते. ही माणसे आली कुठून, ते आज सांगतो. हा इतिहास माहीत असला तर त्यांच्याकडून काय मागायचे आणि काय मागून उपयोग नाही, हे तुम्हाला कळेल.

चोर पकडायला नेमलेली बाई

सुरुवात लंडनची आहे, आणि ती जरा गमतीची आहे. १८९५ साली तिथल्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंना नेमले. नावाप्रमाणे हे रुग्णालय मोफत होते आणि ओपीडीत प्रचंड गर्दी असे. व्यवस्थापनाला वाटत होते की पैसे देऊ शकणारे लोकही गरीब असल्याचे दाखवून फुकट उपचार घेतात. तेव्हा कोण खरा गरीब, कोण खोटा, याची चौकशी करणे हे स्टुअर्टबाईंचे काम. नेमणूकही आधी तीनच महिन्यांची, प्रयोग म्हणून.

त्या एकेका रुग्णाशी बोलू लागल्या आणि कामाचे स्वरूप बदलत गेले. लबाडी करणाऱ्यांपेक्षा औषध मिळूनही बरे न होणारे लोकच जास्त भेटू लागले. क्षयाच्या रुग्णाला "चांगले खा" असा सल्ला दिलेला, आणि घरात खायला नाही. बाळंतिणीला विश्रांती सांगितलेली, आणि ती दुसऱ्या दिवशी कामावर. मग पैशांची सोय कुठून होईल, कोणती संस्था मदत करील, घरी कोण बघेल, या गोष्टी त्या पाहू लागल्या. पहारेकरी म्हणून आलेली बाई रुग्णाची वकील झाली. पण या पदाच्या जन्मातला दुहेरीपणा लक्षात ठेवा, कारण तो आजही गेलेला नाही: ही व्यक्ती तुम्हाला मदतही करते आणि तुम्ही मदतीला पात्र आहात का, हेही तीच तपासते.

दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. रिचर्ड कॅबट यांनी स्वतःच्या ओपीडीत असेच पद सुरू केले. कॅबट हे निदान करण्यात निष्णात डॉक्टर. त्यांच्या लक्षात आले की आपण अचूक निदान करतो, चिठ्ठी लिहितो आणि रुग्ण दारातून बाहेर पडला की त्या चिठ्ठीचे काय होते हे आपल्याला कळतच नाही. त्यांनी नेमलेल्या परिचारिकांपैकी आयडा कॅनन यांनी पुढे चार दशके हे काम केले आणि त्याचे शास्त्र बनवले. सुरुवातीची बरीच वर्षे रुग्णालयाने या विभागाला पगार दिला नाही; पैसे कॅबट यांच्या खिशातून आणि देणग्यांतून येत. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. या माणसाचा पगार कोण देतो, या प्रश्नाशी आपल्याला पुढे परत यायचे आहे.

मुंबईत

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ पासून आहे, परळचे केईएम १९२६ पासून, टाटा मेमोरियल १९४१ पासून. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. समाजसेवा हे केवळ दयाळू माणसांचे काम नाही, ते शिकावे लागते, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भारतातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, असे या क्षेत्राचा इतिहास सांगतो.

त्या पदाचे मराठी सरकारी नाव आहे ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. नाव भारदस्त आहे, त्यामुळे लोकांना वाटते की हे कोणीतरी कारकुनी साहेब असणार. तसे नाही. मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात गेलात तर ‘समाजसेवा विभाग’ अशी पाटी शोधा. फी माफ करणे, बाहेरून आणावे लागणारे महागडे इंजेक्शन किंवा स्टेंट यासाठी ट्रस्टची पत्रे देणे, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणे, कृत्रिम पाय मिळवून देणे, हे सगळे तिथून चालते. केईएमसारख्या रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ नावाचा निधी असतो, त्याचा रस्ताही याच खोलीतून जातो. कित्येक कुटुंबे महिना महिना वॉर्डात राहून, दागिने मोडून घरी जातात आणि या खोलीत एकदाही पाय ठेवत नाहीत. कोणी सांगितलेले नसते.

ठाणे, कल्याण आणि लोकल

आता आपल्या भागाकडे येऊ. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. इथली वस्ती या रुळांनी वाढवली आणि इथल्या आजारपणाचा मार्गही याच रुळांनी ठरवला. ठाणे महापालिका १९८२ मध्ये आली, कल्याणची १९८३ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे ‘मोठा आजार’ म्हणजे लोकलने मुंबई हे समीकरण होते. सायनला उतरले की लोकमान्य टिळक रुग्णालय, परळला केईएम आणि टाटा, भायखळ्याच्या बाजूला जे. जे. पहाटेची गाडी पकडून केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, सोबत एका पिशवीत एक्स-रे, दुसरीत डबा.

ठाण्याचे जिल्हा रुग्णालय विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे. जुने लोक आजही त्याला ‘सिव्हिल’च म्हणतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही आपल्या पट्ट्यातली सार्वजनिक रुग्णालये. लोकसंख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ही वाढली नाहीत. ती पोकळी खासगी नर्सिंग होम्सनी भरली. आणि जिथे रुग्णालये लहान आणि विखुरलेली, तिथे समाजसेवा विभाग वगैरे नसतोच. तिथे असतो काउंटर आणि काउंटरवर ‘डिपॉझिट किती?’ हा प्रश्न.

मग ओळख लागते. ती ओळख ठाण्यात बऱ्याच काळ राजकीय पक्षाच्या शाखेतून मिळत आली. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांच्याकडे लोक ज्या कामांसाठी जात, त्यांत रुग्णालयाची कामे असतच. रक्ताची बाटली, रुग्णवाहिका, बिलात सूट, मध्यरात्री खाट. आजही सगळ्या पक्षांचे ‘वैद्यकीय मदत कक्ष’ आहेत आणि त्यांच्या फोनमुळे माझ्या डोळ्यांदेखत लोकांची कामे झालेली आहेत. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर शोधणाऱ्या मुलाला ते तत्त्वज्ञान ऐकवू नये.

तरीही या मार्गाची एक मर्यादा ठाण्याने फार जवळून पाहिली. २६ ऑगस्ट २००१ रोजी दिघे यांचे अपघातानंतर उपचार सुरू असताना रुग्णालयात निधन झाले आणि संतप्त जमावाने ते रुग्णालय पेटवून दिले. शहराचे एक चालते रुग्णालय त्या संध्याकाळी गेले. पुढे २०१० मध्ये महाराष्ट्रात रुग्णालयांवरील आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला. ठाण्यातल्या माझ्या पिढीच्या डॉक्टरांच्या मनात ती घटना कायमची बसली आहे. नातेवाइकांची गर्दी वॉर्डाबाहेर वाढू लागली की डॉक्टर कमी बोलतो, जास्त तपासण्या लिहितो आणि लवकर ‘मुंबईला हलवा’ म्हणतो. गर्दी रुग्णाच्या बाजूने उभी असते खरी, पण तिचा तोटा रुग्णालाच होतो.

दयेकडून हक्काकडे

याच काळात दुसरीकडे कायदे बदलत होते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवाही त्याच्या कक्षेत येते असे ठरवले. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत त्याचे वैद्यकीय कागद देणे डॉक्टरला बंधनकारक झाले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व ठरावीक सेवांचे दर रुग्णालयात लावणे सक्तीचे केले. पुढच्या वेळी रिसेप्शनवर थांबाल तेव्हा भिंतीकडे पाहा. फळा असतो, बहुधा फिश टँकच्या मागे.

पण आपल्या जिल्ह्यातल्या सामान्य माणसासाठी याहून महत्त्वाची गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगतो.

ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयांना सरकारकडून करांत आणि इतर बाबतींत सवलती मिळतात. त्या बदल्यात त्यांनी गरिबांसाठी काही करावे म्हणून १९८५ मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१-कक हे कलम घातले गेले. वीस वर्षे ते बऱ्यापैकी कागदावर राहिले. नंतर जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना मंजूर केली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. तातडीच्या वेळी रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि अशा रुग्णाकडून अनामत मागायची नाही. हे लिहितो आहे तेव्हा वार्षिक १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल मानले जाते. ही मर्यादा सुरुवातीला फारच कमी होती, ती नंतर वाढवत नेली. म्हणजे महिना पंधरा हजार कमावणारा रिक्षाचालक निर्धन गटात येतो आणि तीस हजारांच्या आतला दुकानातला नोकर दुर्बल गटात. हे दोघेही स्वतःला ‘गरीब’ म्हणवून घ्यायला लाजतात आणि काउंटरवर काही बोलत नाहीत.

या योजनेत उत्पन्नाची छाननी कोणी करायची? रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाने. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड पाहून. म्हणजे बघा, १८९५ ची मेरी स्टुअर्ट पुन्हा आली, तोच दुहेरीपणा घेऊन. हा समाजसेवक रुग्णालयाचा पगारी नोकर असतो. काही समाजसेवक मनापासून काम करतात, रुग्णाला स्वतःहून शोधून त्याचा अर्ज भरून घेतात. काही ठिकाणी मात्र तो दुपारी दोननंतर सापडत नाही किंवा "कोटा भरला" एवढेच सांगतो. कोटा खरोखर भरलेला असू शकतो. पण तसे असेल तर ते लेखी मागा. आणि धर्मादाय आयुक्तांकडे, आपल्यासाठी त्यांच्या ठाण्याच्या कार्यालयाकडे, तक्रार करता येते हे शांतपणे सांगा.

आरोग्यमित्र

२०१३ हे साल आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, त्यांत ठाणे नव्हते. नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळीकडे लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्हींची मोट बांधली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. आता ते पाच लाखांचे आहे आणि पांढरे रेशनकार्डवालेही त्यात आले आहेत.

या योजनेने एक नवा माणूस आणला: आरोग्यमित्र. कल्पना तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातली. तिथे २००७ मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली तेव्हा हे पद निर्माण केले गेले. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात, शक्यतो प्रवेशद्वाराजवळ, त्याचे टेबल असावे लागते. तो तुमचे रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासतो, तुमची नोंदणी करतो, आजार योजनेत बसतो का ते सांगतो, उपचारांची पूर्वपरवानगी मागण्याच्या कामात रुग्णालयाशी समन्वय ठेवतो आणि घरी जाताना सगळे नीट मिळाले का ते विचारतो. पॅकेजमध्ये काय काय येते हे त्याच्याकडून समजून घ्या. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण, आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची त्या आजाराची औषधे व तपासणी हे सगळे त्यात धरलेले असते. "स्टेंट योजनेतून, पण औषधे बाहेरून आणा" असे कोणी सांगितले तर आधी आरोग्यमित्राकडे जा.

मला हे पद इतिहासातल्या मागच्या सगळ्या पदांपेक्षा एका बाबतीत वेगळे वाटते. आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो, पण रुग्णालयाचा नोकर नसतो. त्याची नेमणूक योजनेच्या बाजूने होते. त्यामुळे "पैसे भरा, नंतर योजनेचे बघू" असे काउंटरने सांगितले तर आरोग्यमित्राने तुमच्या बाजूने बोलायचे असते. प्रत्यक्षात काय होते? पगार तुटपुंजा, नोकरी कंत्राटी, रोज त्याच रुग्णालयाच्या माणसांबरोबर चहा. बरेच जण तरीही चांगले काम करतात. काही कानाडोळा करतात. म्हणून योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ हा मोबाइलमध्ये साठवून ठेवा. टेबल रिकामे असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

समजा, आंबिवलीत राहणाऱ्या एका काकांना छातीत दुखले आणि रात्री जवळच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी लागेल सांगितले. घरच्यांनी काय विचारायचे? पहिला प्रश्न: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि हृदयरोगासाठी आहे का? कारण एखादे रुग्णालय फक्त हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असू शकते. दुसरा: आरोग्यमित्र कुठे आहे? तातडीच्या वेळी फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. तिसरा: योजनेत नसेल तर रुग्णाची स्थिती हलवण्यासारखी आहे का, आणि नसेल तर आधी स्थिर करून मग कुठे न्यायचे? हे तीन प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात विचारले गेले तर पुढचे पाच दिवस बदलतात. एकदा रोख पैसे भरून ऑपरेशन झाले की मागाहून योजनेत बसवणे जवळजवळ अशक्य असते.

साथीच्या काळातला हिशेबनीस

कोविडमध्ये रुग्णाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस वेगळाच होता, लेखापरीक्षक. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: विलगीकरण वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महापालिकांनी बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत अनेक कुटुंबांना जास्त घेतलेले पैसे परत मिळाले. त्याच वेळी पीपीई किटचा खर्च त्या दरांत बसत नाही असे रुग्णालयेही म्हणत होती, आणि त्यांच्या म्हणण्यात काही प्रमाणात तथ्य होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की बिल समजून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते आजारी माणसाच्या मुलाकडून त्याच क्षणी अपेक्षित ठेवू नये, हे पहिल्यांदाच सरकारने मान्य केले. साथ ओसरली आणि हे हिशेबनीसही गेले.

हार्लेम आणि परळ

अशा माणसामुळे रुग्णाचा जीव वाचतो का, की फक्त मनस्ताप कमी होतो? याचे सर्वांत गाजलेले उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून आले. तिथले शल्यविशारद डॉ. हॅरोल्ड फ्रीमन स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. बहुतेक बायका गरीब, विमा नसलेल्या आणि गाठ फार वाढल्यावर आलेल्या. निदान झाल्यापासून पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण होते ३९ टक्के. फ्रीमन यांनी तपासणीची सोय वाढवली आणि १९९० मध्ये एक साधी गोष्ट जोडली: तपासणीत गाठ संशयास्पद निघाली की त्या बाईसोबत एक माणूस द्यायचा. तो तिची पुढची तारीख घेणार, फॉर्म भरणार, ती आली नाही तर फोन करणार. पुढच्या गटात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. श्रेय एकट्या त्या माणसाचे नाही, लवकर निदानाचे आणि सुधारलेल्या उपचारांचेही आहे. पण संशयास्पद गाठ आणि बायॉप्सी यांच्या मध्ये जे आठवडे वाया जातात ते औषधाने भरून निघत नाहीत, हे त्यांनी दाखवले.

परळला टाटा रुग्णालयाभोवती हे काम आधीपासून संस्था करत होत्या. १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, १९९४ ची व्ही केअर. नंतर टाटा मेमोरियल आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून कर्करोग रुग्णांना वाट दाखवणाऱ्यांसाठी पदविका अभ्यासक्रमच सुरू केला. त्याचे नाव ‘केवट’. रामाला गंगेपार नेणारा नावाडी. नाव कोणी सुचवले असेल त्याला दाद द्यायला हवी. कल्याणहून पहिल्यांदा टाटाला जाणाऱ्या माणसाला कोणती इमारत, कोणता मजला, फाइल कुठे काढायची, आज घरी जायचे की राहायचे, हेच आधी कळत नाही. तिथे गेलात तर केवट किंवा समाजसेवा विभाग विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पैसे कोण देतो?

अलीकडे पैसे घेऊन हे काम करणाऱ्या खासगी व्यक्ती आणि कंपन्याही दिसू लागल्या आहेत. मुले परदेशात आणि आईवडील नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला, अशा घरांना त्यांचा खरा उपयोग होतो. इथे मी एकच गोष्ट तपासायला सांगतो, तीच बोस्टनची. या माणसाला पैसे कोण देतो? तुम्ही देत असाल, पावती मिळत असेल, तर तो तुमचा माणूस. तुमच्याकडून काहीच न घेता तो तुम्हाला अमुकच रुग्णालयात नेत असेल तर पैसे दुसरीकडून येत आहेत असे समजा. त्याला आमच्या धंद्यात ‘कट’ म्हणतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला. कायदा अजून झालेला नाही. रुग्णालयाच्या दारात रुग्णवाहिकेतून उतरण्याआधीच तुमच्याशी गोड बोलणारा अनोळखी माणूस रुग्णमित्र असण्याची शक्यता कमी आहे.

आणि जो खरा रुग्णमित्र असतो, तो काही गोष्टी करत नाही. तो निदान सांगत नाही. औषध बदलत नाही. डॉक्टरांशी तुमच्या वतीने भांडत नाही, तुमचे प्रश्न लिहून घेतो आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही. तो नसलेली खाटही निर्माण करू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा ठाण्याचे सिव्हिल पुनर्बांधणीसाठी हलवलेले होते आणि सगळा भार कळव्यावर आला होता. तिथे वाट दाखवणाऱ्यांची नव्हे, खाटा, डॉक्टर आणि परिचारिकांची वानवा होती.

घरात एक माणूस ठरवा

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात एक तरतूद आहे जी मला सर्वच आजारांसाठी आवडेल. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि तिथे दाखल होणाऱ्यांच्या वतीने कोण बोलणार हा प्रश्न तितकाच जुना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ स्वतः लिहून ठरवण्याचा हक्क दिला. बरे असताना तुम्ही लिहून ठेवायचे की उद्या मला निर्णय घेता आला नाही तर अमुक व्यक्तीला विचारा.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयरोग असलेल्यांनी घरच्या घरी हेच करावे. डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस ठरवा. सकाळी काका, दुपारी जावई आणि रात्री पुण्याहून आलेली बहीण वेगवेगळे प्रश्न विचारतात तेव्हा उत्तरेही वेगवेगळी वाटतात, आणि गैरसमज तिथून सुरू होतात. त्या माणसाकडे एक साधी वही असावी: कोणता डॉक्टर कधी आला, काय म्हणाला, कोणते औषध सुरू झाले, किती पैसे भरले. सोबत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते, मेडिक्लेमची प्रत आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळते का हे आजच तपासा. ‘सुनंदा’चे एका ठिकाणी ‘सुनिता’ झाले असेल तर दुरुस्तीसाठी शिधावाटप कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, आणि आरोग्यमित्राचे अर्धे काम अशाच चुकांपाशी अडते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून काढून ठेवा. त्याची मुदत संपते, म्हणून वर्षातून एकदा, मुलांच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी काढता तेव्हाच, एक जादा प्रत या पिशवीत टाका.